कागदावर नसलेल्या वाडीची चतुःसीमा

पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला गाव. कचेरीतल्या साहेबांना खरं तर एवढंच हवं होतं. "वस्तीचा थोडक्यात इतिहास आणि चतुःसीमा लिहून द्या," असं ते आबांना म्हणाले. आबा म्हणजे आमच्या वाडीतले सगळ्यात वयस्क. नात्याने तसे कुणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना आबाच म्हणतात. फोन चालू होता, म्हणून ते मीही ऐकलं.

लिहायला मला कोणी सांगितलं नाही. पण तिथे दुसऱ्या कुणाला जमणार?

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. आखातात एका तेलाच्या रिगशेजारी नांगरून ठेवलेल्या बार्जवर दीडशे माणसांचा स्वयंपाक करतो. दुपारची भांडी आवरली की दोन तास मोकळे मिळतात आणि डेकच्या एका कोपऱ्यात फोनला रेंज धरते. तिथे तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर बसून लिहायला घेतलं. चार ओळींत संपणार नाही हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण इतिहास लिहायचा तर माझी चूकही लिहावी लागणार होती.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना एके ठिकाणी समुद्राच्या अंगाला वळलं की गाव लागतं. मोठं गाव आहे. शाळा, देऊळ, रेशनचं दुकान, दोन पतपेढ्या, हल्ली पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. गावाच्या पाठीमागून एक वाट निघते, ती मातीच्या बांधावर चढते आणि बांधावरून वीस-पंचवीस मिनिटं चाललं की आमची अकरा घरं. गावातले या वाडीला 'खारीवरची घरं' म्हणतात. आम्ही आपसात 'काठा' म्हणतो. नकाशात यातलं काहीच नाही. तिथे पडीक खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखालची जमीन, एवढंच लिहिलेलं आहे.

काठ्याची जमीन समुद्राची आहे, हे आम्ही कधी नाकारलं नाही. बांध आहे म्हणून ती भाताची झाली. भरतीच्या वेळी आमच्या ओट्यावर बसलं तर बांधापलीकडून जाणाऱ्या होडीतल्या माणसाचे पाय आपल्या डोक्याच्या वर दिसतात. नवीन आलेली सून पहिल्यांदा ते बघते तेव्हा घाबरून आत जाते, आणि मग सगळ्या बायका तिला हसतात. माझी आईही आत पळाली होती म्हणे. तिचं माहेर डोंगराच्या कुशीतलं. तिला पाणी फक्त विहिरीत माहीत होतं.

पणजोबांच्या काळी गावातल्या शेतकऱ्यांनी चार घरं मुद्दाम बांधापाशी बसवली. काम एकच, बांध राखायचा. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं आतलं पाणी ओहोटीला बाहेर जावं, म्हणून बांधात लाकडी दाराची उघाडी असते. ती उघडायची, लावायची. चाराची अकरा घरं झाली, गावातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनी पडीक टाकल्या, पण राखण्याचं काम चालूच राहिलं. ते करायला कोणी सांगत नव्हतं. न करून चालत नव्हतं.

ते काम कसं असतं हे साहेबांना माहीत असेल की नाही, म्हणून लिहितो. बांधाला सगळ्यात मोठा धोका लाटेचा नसतो, चिंबोरीचा असतो. चिंबोरी, म्हणजे खेकडा, बांधात बीळ करते. बीळ आरपार गेलं की त्यातून पाण्याची बारीक धार सुटते, ती धार माती खाते, आणि मग एका भरतीत बैलगाडी जाईल एवढी खांड पडते. बीळ डोळ्यांनी दिसत नाही, वर गवत असतं. ते पायाला कळतं. म्हणून दर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी, ओहोटीला, अकराही घरांतली माणसं अनवाणी बांधावर उतरतात. प्रत्येक घराला आपला टप्पा नेमून दिलेला. पाऊल टाकायचं, टाचेवर भार द्यायचा, माती आत दबली तर तिथेच बसून बीळ उकरायचं, चिकण माती ठासायची. चपला घालून आलेल्या माणसाला बांधावरून खाली उतरवतात, मग तो पाहुणा का असेना.

वडील गेल्यापासून आमचा टप्पा आई चालायची. तिचे गुडघे गेल्यावर आमच्या शेजारची वहिनी आपला टप्पा संपवून आमचाही चालते. मी इथे दर महिन्याला पगार घेतो आणि माझ्या वाटणीचा बांध दुसरी बाई पायाने तपासते. हे उपकार कसे मोजायचे ते मला कळत नाही. फोनवर कधी बोललो तर ती म्हणते, "भाऊजी, लय झालं. तिकडनं येताना ते खजूर आना म्हंजे फिटलं."

आता माझी चूक.

मी शाळेत जायचो ती बांधावरूनच. उधाणाच्या दिवसांत वाट बुडायची, मग गैरहजेरी. महिन्यातून सहा-सात दिवस तरी. बाकीचे दिवस गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन वर्गात. पोरं नाक धरायची. "ए खारट, लांब बस," म्हणायची. एका मास्तरांनी हजेरी घेताना सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझं नाव आहे, तू नाहीस." वर्ग हसला. मीही हसलो. त्या वर्षी मी शाळा सोडली. घरी कारण वेगळं सांगितलं.

पुढे पाच-सहा वर्षांनी रेशन कार्डं नवीन करायची होती. त्याच सुमारास मतदारयादीचेही फॉर्म आले. फॉर्म घेणारा माणूस गावातल्या देवळात बसला होता. काठ्यावर यायला त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि चपला काढायची तयारीही नसावी. अकरा घरांत हातात पेन धरणारा मी एकटा. आबांच्या ओट्यावर बसून मी सगळ्यांचे फॉर्म भरले. लोक कौतुकाने बघत होते. आबा म्हणाले, "अक्षर काय काढलंस रं! कोलंबीचे सोडे वाळत घातल्यावानी, येकासारखा येक." सगळे हसले. मला काय वाटलं ते आजही आठवतं. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा मी कोणीतरी होतो.

फॉर्ममध्ये 'गाव' असा एक रकाना होता आणि त्याच्या खाली 'वाडी / वस्ती / पाडा' असा दुसरा. गावाच्या रकान्यात मी गावाचं नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यापाशी थांबलो. तिथे काठा लिहायचं होतं. मला तो वर्ग आठवला. आबांना म्हणालो, "आबा, हे नको लिहूया. पोरींची लग्नं जमत नाहीत खारीवरची म्हटल्यावर. गावच लिहितो."

आबांनी फॉर्मवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुला कळतंय ना? मग तसं."

मी प्रत्येक फॉर्मवर त्या रकान्यात पट्टी लावून आडवी रेघ मारली. सरळ, स्वच्छ रेघ. त्या दिवशी मला तीन घरांतून जेवण आलं.

त्यानंतर सगळे कागद त्या कागदांवरून निघाले. मतदार ओळखपत्रं, आधार, बँकेची पुस्तकं, शाळेचे दाखले, माझा पासपोर्ट. मला पासपोर्ट मिळाला तेव्हा आईने तो देवापुढे ठेवला होता. त्यावरही गावच. अकरा घरं हळूहळू कागदावरून उठून गावात राहायला गेली आणि आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मुलींची लग्नं जमली. वहिनी स्वतः त्याच कागदावर काठ्यात आली. तिला बघायला गेले तेव्हा मुलगा गावचा म्हणून सांगितलं होतं. अजून ती आबांना त्यावरून चिडवते, "मना फसवून आनली तुमी. बंगला दावला न् बांधावर उतरवली."

या वर्षी आषाढी अमावस्येच्या उधाणाला खांड पडली. आमच्याच टप्प्यात. वहिनीला ताप होता, ती चालली नव्हती. आईने कुणाला सांगितलं नाही, स्वतः काठी घेऊन गेली आणि अर्ध्यातून परत आली. हे मला नंतर कळलं. दोघी एकमेकींची चूक स्वतःवर घेतात आणि मी फोन कानाला लावून दोघींचं ऐकतो. माझा टप्पा होता, असं कोणीच म्हणत नाही.

लावणी नुकतीच झाली होती. खारं पाणी एका भरतीत भातातून फिरलं आणि ओहोटीला निम्मं तिथेच राहिलं. आमच्याकडे हे माहीत असतं, की असं पाणी राहिलं तर जमीन तीन वर्षं काही देत नाही. तळ्यातले जिताडे मासे गेले. तळ्याचं पाणीच प्यायचं पाणी, तेही गेलं. तरीही घरं उभी होती. अमावस्येनंतर भांग लागला, म्हणजे भरत्या उतरल्या, आणि पाणी ओट्याखाली राहिलं. पण पुढे नारळी पौर्णिमेचं उधाण. वर्षातलं सगळ्यात मोठं नसलं तरी खांड उघडी असेल तर मातीच्या भिंतींना पुरेसं. म्हणजे हातात पंधरा दिवस. पोकलेन आणलं तर दोन दिवसांचं काम, असं आबा म्हणत होते.

भांगात दोन्हीकडची माणसं उतरली. गावातून चाळीसेक जण आले, पर्यटकांच्या खोल्या चालवणारी पोरंसुद्धा. खुंटे ठोकले, पेंढा भरला, चिखलाचे गोळे हातोहात टाकले. वहिनीने व्हिडिओ दाखवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण आबा कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, "हे भांगापुरतं. उधाणाला ऱ्हानार न्हाय. मशीनच पायजे."

मशीनसाठी कचेरीत अर्ज गेला. किनाऱ्यावर आणखी पुष्कळ ठिकाणी खांडी पडल्या होत्या आणि मशिनं थोडी. नियम असा की ज्या बांधामागे वस्ती आहे तो आधी. साहेब स्वतः बघायला आले. वाईट माणूस नव्हता. बूट काढून बांधावर चढला, कुणी न सांगता. वहिनीने मला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल हातात धरला होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

साहेबांनी विचारलं, "इथे वस्ती आहे याला कागद काय?"

आबांनी कार्डं पुढे केली. साहेबांनी एकेक बघितलं. मग सगळी परत केली. "हे सगळे गावातले रहिवासी आहेत."

"न्हाय साहेब, आमी हितंच ऱ्हातो. ही काय चूल."

"मला चूल दिसते. पण मी डोळ्यांनी लिहू शकत नाही, आबा. कागदाने लिहितो."

गावचे सरपंच बरोबर आले होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. मी परदेशात निघालो तेव्हा मुंबईपर्यंत गाडी त्यांनीच दिली होती. नानांना वाटलं, साहेबांना या माणसांबद्दल संशय आलाय, बाहेरून येऊन बसलेली समजतायत. ते पुढे झाले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, यांची जबाबदारी माझी. ही परकी माणसं नाहीत. आमच्याच गावची आहेत, पिढ्यान्पिढ्या. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं.

वहिनी पुटपुटली, "नाना, गप बसा ना जरा." पण ते झालं होतं. इतक्या वर्षांत गावाने आम्हाला इतक्या प्रेमाने आपलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नेमकं त्या वेळी.

साहेब जाता जाता थांबले. म्हणाले, "एक मार्ग आहे. जुन्या फॉर्ममधली माहिती चुकीची होती असं लिहून द्या, वस्तीचा इतिहास आणि चतुःसीमा जोडा. मी वर पाठवतो. पण चुकीची माहिती कोणी दिली, का दिली, हे त्यात यायला लागेल. चौकशी होईल. तोवर जुने दाखले थांबू शकतात." मग कचेरीतून आणलेल्या जुन्या फॉर्मच्या प्रतींकडे बघून त्यांनी विचारलं, "फॉर्म कोणी भरले होते? प्रतींवर अक्षर एकाच माणसाचं दिसतंय."

बायकांनी आबांकडे बघितलं. मी इथे पोत्यावरून उठून उभा राहिलो.

आबा म्हणाले, "आमीच."

"तुम्हाला लिहिता येतं?"

"न्हाय. आंगठा येतो."

"अंगठ्याचं अक्षर एवढं सुंदर?"

"सराव हाय साहेब," आबा म्हणाले. बायका हसल्या. साहेबही हसले. तेवढ्यात माझ्या फोनचा पडदा काळा झाला. वहिनीने मोबाइल पदराखाली धरला होता. मी दिसू नये म्हणून.

त्यानंतर चार दिवस कोणी माझ्याशी त्या अर्जाबद्दल बोललं नाही. मी विचारलं तर आई म्हणायची, "बगतायत." शेवटी वहिनीच बोलली. "आबांनी सांगितलंय, अर्ज द्यायचा न्हाय. चौकशी लागली तर तुमचा पासपोर्ट जातो. तुमच्यावर आईंचं औषध हाय. घरं काय, परत बांदू."

"कुठे बांधाल?"

ती खजुराचं विचारायला लागली.

अकरा घरं, आणि त्यातला एकही माणूस माझ्याकडे बोट दाखवायला तयार नाही. ज्या ओट्यावर बसून मी रेघा मारल्या त्या ओट्याला पाणी लागायला आठ दिवस उरलेत आणि ते माझ्या नोकरीची काळजी करतायत. मला राग आला. त्यांचा नाही. पण आला. त्या दिवशी डाळ करपली. बार्जवरची माणसं दह्याबरोबर भात खाऊन उठली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसाठी वेगळं लिहिलं. दोन पानं. वस्तीचा इतिहास, चतुःसीमा, उघाडी कुठे आहे, तळं कुठे आहे, कोणत्या घराच्या मागे कोणतं घर. शेवटी लिहिलं की सर्व फॉर्म मी माझ्या हाताने भरले, वाडीच्या रकान्यात मी रेघ मारली, त्याला इतर कोणाची संमती नव्हती, कारण इतर कोणाला वाचता येत नव्हतं. आबांची होती, पण ते लिहिलं नाही. कारण म्हणून 'लाज वाटली' असं लिहिलं. कचेरीच्या कागदात असा शब्द चालतो का ते माहीत नाही. दुसरा सापडला नाही.

वहिनीकडे साहेबांचा नंबर होता. तिच्याकडून तो दुसऱ्याच कारणाने मागून घेतला आणि फोटो काढून थेट त्यांना पाठवला. मग आईला सांगितलं.

आईने 'थांब' म्हणून दार लावून घेतलं. मग म्हणाली, "कुनाला इचारलंस?"

"कोणालाच नाही."

"तवा पन कुनाला इचारलं नव्हतंस."

"आबांना विचारलं होतं."

"आबा तुला नको म्हनाले असते व्हय? तुला शाळंनं घालवला होता. तुझं तोंड बगून बिचारा व्हय म्हनला." तिचा आवाज चढला. "आता तुला हितं येऊ देतील का? परत तिकडं जाऊ देतील का? ना हितला ना तितला करून बसलास."

"आई, पौर्णिमा जवळ आली. तू गावात नानांकडे जाऊन राहा."

"मी गावात गेले तर साहेब काय म्हनंल? बगा, गावातच ऱ्हाते." आणि तिने फोन ठेवला. तिने काय म्हटलं ते मला नंतर नीट कळलं. ती पाण्याची वाट बघत त्या घरात बसणार आहे, कारण घर रिकामं दिसलं तर माझा कागद खोटा ठरेल.

संध्याकाळच्या आत साहेबांचं उत्तर आलं. एकच ओळ. 'मूळ प्रत सहीनिशी लागेल. आली तर त्याच दिवशी पाठवतो.'

इथून माणसं बदलायची बोट गुरुवारी सुटते. मुरूडकडचा एक वेल्डर रजेवर निघालाय, माझ्याच जेवणावर वाढलेला. कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून त्याच्या हातात दिले. त्याने विचारलं, "घरचं काही?"

"घरच आहे," मी म्हटलं.

बोट किनाऱ्याला, तिथून विमान शुक्रवारी, मुंबईत शनिवारी सकाळी. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद, म्हणजे पनवेल-पेणवरून एसटी. घाटात गाडी अडकली नाही तर दुपारी अलिबाग. पण शनिवार-रविवार कचेरी बंद. सोमवारी उघडेल. पौर्णिमा मंगळवारी. मशिनीला दोन दिवस लागतात.

हा हिशेब मी सारखा करतो. भात निथळताना, कांदा चिरताना. दर वेळी एक दिवस कमी पडतो. वेल्डरला मी सांगितलंय, साहेबांच्या घरी जा, शनिवारीच, सोमवारची वाट बघू नकोस, हातापाया पड, माझं नाव सांग. माझं पूर्ण नाव सांग. तो 'जातो' म्हणालाय. त्याचा फोन अजून लागत नाही.